तुरटी बंद करून शेवग्याचं बी किंवा कायटोसान चालेल का?

तळटाकी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एका लहान जलशुद्धीकरण केंद्रावर मी शिफ्टमध्ये असतो. प्रयोगशाळा म्हणून जे एक टेबल आहे, तेही माझ्याकडेच. 2 एमएलडीचा (दिवसाला 20 लाख लिटर) प्लांट. नदीचं पाणी येतं, फ्लॅश मिक्सरमध्ये (जोरात ढवळायची टाकी) तुरटी आणि थोडा पॉलिमर (लांब साखळीचं रसायन), मग क्लॅरिफायर (गाळ बसवायची टाकी), रॅपिड सँड फिल्टर (वाळूची गाळणी), शेवटी क्लोरीन. एरवी गढूळपणा 10-15 एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक) असतो, पाऊस झाला की 300-400 च्या घरात जातो.

आमच्या पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल पचवायची ताकद) मुळातच कमी, लिटरला 40 मिलिग्रॅमच्या आसपास. पाणी गढूळ झालं की तुरटी लिटरला 60 मिलिग्रॅमपर्यंत चढवावी लागते. मग पीएच घसरतो, मग चुना द्या, मग गाळाचा खड्डा भरला म्हणून ओरड. त्यात मागच्या तपासणीत तयार पाण्यात ॲल्युमिनियम 0.3 मिलिग्रॅम निघालं. तेव्हापासून वरिष्ठांनी धोशा लावलाय की आपण 'रसायनमुक्त' व्हायचं, नैसर्गिक कोॲग्युलंट (तुरटीसारखं गाळ बसवणारं द्रव्य) आणायचं.

जार टेस्टवर (बीकरमध्ये डोस ठरवायची चाचणी) शेवग्याच्या बियांची पूड करून पाहिली. गढूळ पाण्यावर कमाल दिसली. साडेतीनशेचं पाणी अर्ध्या तासात 8 वर आलं आणि पीएच जागचा हलला नाही. पण तीच पूड 12 एनटीयूच्या पाण्यात टाकली तर ते उलट 18 झालं. शिवाय बीकर रात्रभर तसाच राहिला की सकाळी वास येतो. कायटोसानचा (कोळंबीच्या टरफलांपासून बनणारा पदार्थ) नमुनाही मागवला होता. तो पाण्यात विरघळतच नाही, नुसता तरंगत राहतो.

तर विचारायचं असं: तुरटी पूर्ण बंद करता येईल का? या दोघांतलं कोणतं घ्यावं? आणि 12 एनटीयूला नेमकं काय बिघडतंय?

पीएच_साडेसहा

तुरटीच्या जागी पॅक लावा आणि मोकळे व्हा. पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड तयार करतानाच अर्धवट न्यूट्रल केलेलं असतं, त्यामुळे ते अल्कलिनिटी तुरटीपेक्षा कमी खातं. चुन्याची कटकट निम्मी होईल. बियाबिया परिसंवादात छान वाटतात.

तळटाकी

पॅक डोक्यात आहे. पण त्यातही ॲल्युमिनियमच ना? वरिष्ठांना तो शब्दच ऐकायचा नाही.

गाळवाली

शब्द ऐकायचा नसेल तर तिथे माझा इलाज नाही. बाकीचं सांगते. वेगवेगळ्या केंद्रांच्या जार टेस्ट करून देणं हेच माझं काम आहे, आणि शेवग्याची पूड पुडीत बांधून येणारे लोक मला नवीन नाहीत. उत्तर लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आधी 12 एनटीयूचं कोडं. पाण्यातल्या चिकणमातीच्या बारीक कणांवर ऋणभार असतो. सगळेच ऋण, म्हणून ते एकमेकांना लांब ठेवतात आणि खाली बसत नाहीत. तुरटी इथे दोन निरनिराळी कामं करते, आणि बहुतेक लोक ती एकच समजतात. पहिलं काम भार मारण्याचं. ॲल्युमिनियमचे धनभारित आयन आणि पाण्यात त्यांचं रूपांतर होऊन बनणारी संयुगं कणांना चिकटतात, दुरावा संपतो, कण एकत्र येतात. दुसरं काम झाडून नेण्याचं. डोस पुरेसा असला की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पांढरा फुगीर साका तयार होतो आणि खाली बसताना वाटेत सापडेल ते गुंडाळून नेतो. यालाच स्वीप फ्लॉक म्हणतात (फ्लॉक म्हणजे कणांचा पुंजका). तुमच्या 10-15 एनटीयूच्या पाण्यात कण इतके विरळ असतात, की भार मारला तरी त्यांची एकमेकांशी गाठच पडत नाही. तिथे सगळी मदार दुसऱ्या कामावर असते.

शेवग्याच्या बीत काम करणारी मुख्य चीज म्हणजे एक लहान प्रथिन. रेणुभार साधारण 13 हजार डाल्टन. पीएच 10 च्या वर जाईपर्यंत त्याच्यावर धनभार टिकतो, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या पीएचला ते कायम धनभारित. म्हणून पहिलं काम ते झकास करतं, आणि अल्कलिनिटीला हातही लावत नाही. तुमचा पीएच हलला नाही तो यामुळे. दुसरं काम मात्र त्याला येतच नाही, कारण त्याचा असा साका बनत नाही. विरळ पाण्यात पूड पडली, तिचे स्वतःचे कण पाण्यात आले, तेल आलं, आणि धरायला माती नव्हती. 12 चं 18 होणारच होतं.

आता वास. माझ्या मते सगळा निकाल इथेच लागतो, पण एनटीयूच्या आकड्यावर खूश झालेल्या माणसाला ते पटवणं अवघड जातं. सोललेल्या बीत 30 ते 40 टक्के तेल असतं. प्रथिनंही भरपूर, पण त्यातली कामाची थोडीच. उरलेलं विरघळून पाण्यात राहतं. गढूळपणा मोजणाऱ्या यंत्राला ते दिसत नाही, जिवाणूंना बरोबर दिसतं. रात्रभर बीकरमध्ये त्यांचंच जेवण चाललं होतं. प्लांटमध्ये हेच पाणी क्लोरीनसमोर गेलं की क्लोरीन आधी या सेंद्रिय द्रव्यावर खर्च होतो. मग उर्वरित क्लोरीन नळापर्यंत टिकत नाही, म्हणून डोस वाढवावा लागतो, आणि क्लोरीन व सेंद्रिय द्रव्य जितका वेळ एकत्र राहतील तितकं ट्रायहॅलोमिथेन हे घातक उपउत्पादन वाढतं. ॲल्युमिनियम टाळायला निघालात आणि हे पदरात पडलं.

म्हणून जार टेस्टनंतर एक साधी चाचणी कराच. तुरटीच्या जारमधलं आणि शेवग्याच्या जारमधलं वरचं नितळ पाणी वेगवेगळं काढा. दोन्हींत सारखा क्लोरीन टाका, लिटरला 2 मिलिग्रॅम पुरे. अर्ध्या तासाने डीपीडीने (क्लोरीन असला की गुलाबी होणारं रसायन) उर्वरित क्लोरीन मोजा, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. टीओसीचं (एकूण सेंद्रिय कार्बन मोजायचं) यंत्र नसलं तरी चालतं. या दोन आकड्यांतला फरक वरिष्ठांपुढे ठेवा, माझ्या निबंधापेक्षा तो लवकर समजेल.

एक हिशोबही मांडून ठेवा. मध्यम गढूळ पाण्याला बियांचा डोस लिटरला 30 ते 100 मिलिग्रॅम, फार गढूळ पाण्याला 50 ते 200. शंभर धरा. 2 एमएलडीला रोज 200 किलो सोललेलं बी लागेल. तेही झाडावर पूर्ण वाळलेल्या शेंगांचं आणि ताजं दळलेलं, कारण द्रावण फार वेळ ठेवलं की त्याची ताकद उतरते. इतकं बी सोलणार कोण?

गाळाबद्दल. पाणी 350 एनटीयूचं असतं तेव्हा तुमच्या खड्ड्यातल्या गाळात वजनाने मातीच जास्त, ती नदीची. 60 मिलिग्रॅम तुरटीतून येणारा गाळ 26-27 मिलिग्रॅमच्या आसपास. त्रास वजनाचा नाही, हायड्रॉक्साइडचा साका पाणी धरून बसतो आणि वाळत नाही, त्याचा आहे. शेवग्याचा गाळ आकारमानाने खूपच कमी होतो, हे मात्र खरं. फक्त तो सेंद्रिय असल्यामुळे कुजतो. चार दिवस पडून राहिला तर खड्ड्याजवळ उभं राहवणार नाही.

शेवटी दोन प्रश्न तुम्हालाच. एक, चुना नेमका कुठे टाकता? दोन, 'थोडा पॉलिमर' असं तुम्ही ओझरतं लिहून गेलात, तो कोणता?

तळटाकी

ताई, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. चुन्याची लाइन क्लॅरिफायर आणि फिल्टर यांच्यामधल्या चॅनेलमध्ये आहे. प्लांट उभा राहिला तेव्हापासून तिथेच. पॉलिमरच्या पोत्यावर ॲनायनिक (ऋणभारित) पॉलिॲक्रिलामाइड लिहिलंय, डोस अर्ध्या पीपीएमच्या (लिटरला अर्धा मिलिग्रॅम) आसपास.

गाळवाली

तुमचं 0.3 ॲल्युमिनियम त्या चॅनेलमध्ये तयार होतंय, अशी मला दाट शंका आहे.

हिशोब बघा. 1 मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम अल्कलिनिटी खाते. 60 टाकलीत, 30 गेली, हातात 10 उरली. पीएच 6 च्या जवळ आला असेल. त्या पीएचला ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड सगळ्यात कमी विरघळतं, म्हणजे साका बनायला ती जागा वाईट नाही. क्लॅरिफायरमधून थोडा बारीक फ्लॉक निसटतोच, तो फिल्टरने धरायचा असतो. पण फिल्टरच्या तोंडाशीच तुम्ही चुना देता. पीएच एकदम 8 च्या वर गेला की तोच फ्लॉक ॲल्युमिनेट (ॲल्युमिनियमचं विरघळणारं रूप) होऊन पुन्हा विरघळतो आणि वाळूतून आरामात निघून जातो. विरघळलेल्या गोष्टीला वाळू काय करणार?

चुना हलवा. थोडा तुरटीच्या आधी कच्च्या पाण्यात द्या, म्हणजे अल्कलिनिटीचा आधार राहील आणि मिसळताना पीएच साडेसहाच्या आसपास धरता येईल. उरलेली दुरुस्ती फिल्टरनंतर करा. तिथे चुन्याचं दूध नको, न विरघळलेले कण तयार पाणी गढूळ करतील. चुन्याची निवळी किंवा सोडा ॲश वापरा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या केंद्रांना 0.1 आणि लहान केंद्रांना 0.2 मिलिग्रॅम ॲल्युमिनियम व्यवहारात साधता येण्यासारखं म्हटलंय. नीट चालवलेल्या तुरटीवर ते साधतं.

आता पोत्याकडे येऊ. पॉलिॲक्रिलामाइड स्वतः फारसा उपद्रवी नाही, भीती त्यात शिल्लक राहिलेल्या ॲक्रिलामाइड या मोनोमरची (ज्या सुट्या रेणूंची साखळी बनते तो). तो मज्जासंस्थेला घातक आणि कर्करोगाचा संशयित. पिण्याच्या पाण्यात त्याची मार्गदर्शक मर्यादा लिटरला 0.5 मायक्रोग्रॅम. इतकं कमी मोजणं तुमच्या-माझ्या टेबलावर शक्य नाही, म्हणून पोत्यातला मोनोमर आणि डोस या दोन गोष्टींवर बंधन घालतात. अमेरिकेत 1 पीपीएम डोसला 0.05 टक्के मोनोमर ही वरची हद्द आहे.

नैसर्गिक पॉलिमर आणायचाच असेल तर तो इथे आणा, या पोत्याच्या जागी. सगळे तुरटीच्या खुर्चीवर शेवगा बसवायला धावतात, आणि शेजारची ही खुर्ची कोणी बघत नाही. इथलं काम वेगळं आहे. तुरटीने भार मारून लहान लहान फ्लॉक केलेले असतात, त्यांना लांब साखळीने एकमेकांशी बांधायचं, एवढंच. ग्वार गम (गवारीच्या बियांचा डिंक), स्टार्च, अल्जिनेट (समुद्री शेवाळातला डिंक) यांच्या साखळ्या या कामाला बनल्यासारख्या आहेत. आणि डोस बघा: ग्वार अर्धा मिलिग्रॅम लागला तर तुमच्या पूर्ण प्लांटला दिवसाला 1 किलो. पाण्यात जाणारं सेंद्रिय द्रव्य इतकं थोडं, की क्लोरीनला जाणवणारही नाही. कुठे 200 किलो आणि कुठे 1!

अल्जिनेट मात्र तुमच्याकडे रडेल असं वाटतं. त्याला जाळं विणायला कॅल्शियम लागतं आणि तुमचं पाणी बहुधा मऊ असणार. चुना आधी दिलात तर थोडी मदत होईल, तरी मी ग्वार आणि स्टार्चपासून सुरुवात करेन.

कोळंबी_टरफल

कायटोसानबद्दल मी सांगतो. मी सांडपाण्यावर वापरतो, पिण्याच्या पाण्यावर नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

साध्या पाण्यात ते विरघळत नाहीच. एक टक्का ॲसेटिक ॲसिड करा, त्यात हळूहळू टाका आणि काही तास ढवळत ठेवा. त्याच्या साखळीवर अमाइन गट असतात, ते आम्लात प्रोटॉन घेऊन धनभारित होतात आणि मगच साखळी पाण्यात उलगडते. हा बदल पीएच साडेसहाच्या आसपास होतो. म्हणजे 6 ला ते जोरात, 8 ला जवळजवळ भारहीन. तुमच्या तुरटीच्या पीएचला ते खरं तर छान जमेल.

नमुना घेताना डीॲसिटायलेशन (साखळीवरचे ॲसिटाइल गट काढून अमाइन गट मोकळे करणं) किती टक्के आहे ते विचारा. कमी असेल तर अमाइन गटही कमी, मग कितीही ढवळा. आणि डोसवर लक्ष. माती-पाण्याला 1-2 मिलिग्रॅम पुरतं. जास्त झालं तर कणांवर उलटा धनभार चढतो आणि ते पुन्हा एकमेकांपासून पळायला लागतात. तुरटीचा डोस थोडा इकडेतिकडे झाला तर ती सांभाळून घेते. हे घेत नाही. त्यामुळे दर तासाला बदलणाऱ्या नदीवर चालवायचं असेल तर ऑपरेटर जागा हवा.

माशांना त्रास होतो, हेही सांगून ठेवतो. ट्राउट तर अगदी थोड्या कायटोसाननेही मरतात. 'नैसर्गिक आहे' म्हणून जादाचं द्रावण नाल्यात ओतू नका.

पीएच_साडेसहा

आणि हे 'नैसर्गिक' बनतं कसं ते कोणी सांगेल का? टरफलं आधी हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये, मग कॉस्टिकमध्ये (सोडियम हायड्रॉक्साइड), मग 40-50 टक्के कॉस्टिकमध्ये गरम करून. त्या कारखान्याचं सांडपाणी बघा म्हणजे हिरवा रंग उतरेल.

कोळंबी_टरफल

मान्य. बुरशीपासूनही कायटोसान करतात. त्यात टरफलातला चुना काढायला लागणारं ॲसिड वाचतं, पण कॉस्टिक टळत नाही. मी ते 'हिरवं' म्हणून वापरत नाही. माझ्या सांडपाण्यात तेल आणि प्रथिनं आहेत, गाळ परत वापरायचा आहे, आणि त्यात मला धातू नकोय. एवढंच कारण.

धागेदोरे

एक राहिलं. टॅनिनचे कोॲग्युलंट. ब्लॅक वॉटल नावाच्या बाभळीच्या सालीतून काढतात, ब्राझीलमध्ये व्यापारी प्रमाणावर बनतात. माझ्या प्रबंधाचा विषय जवळचाच होता म्हणून लिहितोय. पावडर पाण्यात सहज विरघळते, तुरटीच्या डोसिंग पंपावर चालते, अल्कलिनिटी फारशी खात नाही. शेवग्यापेक्षा प्लांटवर चालवायला कितीतरी सोपी. नैसर्गिकचा आग्रह असेल तर याचा विचार का करू नये?

गाळवाली

विचार जरूर करा, पण पूर्ण गोष्ट सांगा ना. सालीतलं टॅनिन मुळात ऋणभारित. मातीचा कणही ऋण. दोघं एकमेकांकडे बघणार नाहीत. म्हणून फॉर्माल्डिहाइड आणि अमाइन यांच्याबरोबर मॅनिख अभिक्रिया करून त्यावर धनभार चढवतात. तसं केल्यावर ते चांगलं काम करतं, सांडपाण्यात तर फारच चांगलं. पण पिण्याच्या पाण्यासाठी माझा पहिला प्रश्न उरलेल्या फॉर्माल्डिहाइडचा असेल आणि दुसरा पाण्यात राहणाऱ्या रंगाचा. धनभारित स्टार्चचंही तसंच, त्यावर चतुर्थक अमोनियमचा गट जोडावा लागतो. मला त्यात गैर काही दिसत नाही. फक्त पोत्यावर पानाचं चित्र छापलंय म्हणून तपासणीत सूट देऊ नका. पिण्याच्या पाण्यासाठी एनएसएफ/अन्सी/कॅन 60 (पाण्यात टाकायच्या रसायनांचं अमेरिकी-कॅनडियन मानक) किंवा तुम्हाला लागू असलेल्या मानकाचं प्रमाणपत्र त्यालाही मागा, जसं पॉलिॲक्रिलामाइडला मागता.

धागेदोरे

रंगाचा मुद्दा बरोबर, डोस चढला की येतो. पण मग तुमच्या हिशोबाने शेवग्यावर इतकं संशोधन झालं ते वाया गेलं का? मलावीत तर थायोलोच्या केंद्रावर पूर्ण क्षमतेने चालवून पाहिलं होतं, आणि चाललं होतं.

गाळवाली

चाललं होतं, कारण नदी तेव्हा गढूळ होती. तीनशेच्या आसपासचं पाणी आणि 75 मिलिग्रॅम बी. तळटाकींच्याही जारमध्ये साडेतीनशेला चाललंच की. मी बिया चालत नाहीत असं म्हटलेलं नाही. जिथे पाणी वर्षभर लाल आणि तुरटी पोचत नाही, तिथे मी स्वतः शेवगा सुचवेन.

आणि संशोधन वाया कसं जाईल? त्यातूनच कळलं, की तेल काढून घेतल्यावर उरणारी पेंडही तितकंच काम करते, म्हणजे तेल वेगळं विकता येतं. हेही कळलं, की साध्या पाण्याऐवजी मिठाच्या पाण्यात अर्क काढला तर काम करणारा भाग कितीतरी जास्त सुटतो आणि डोस खूप खाली येतो. तळटाकी, हे तुमच्या टेबलावर सहज करून बघता येईल. लिटरला 58 ग्रॅम मीठ, त्यात पूड ढवळून गाळून घ्या, आणि साध्या पाण्यातल्या अर्काशेजारी लावा.

मला सगळ्यात आवडलेली कल्पना मात्र वाळूची आहे. बियांचा अर्क वाळूवरून सोडायचा. वाळूचा कण ऋण, प्रथिन धन, ते वाळूला घट्ट चिकटतं. मग वाळू धुवून टाकायची, म्हणजे न चिकटलेलं सगळं सेंद्रिय द्रव्य वाहून जातं, ते वासाचं कारण. उरते धनभारित वाळू, जी मातीचे कण आणि जिवाणू धरते. प्रथिनाला त्याचा नको असलेला गोतावळा सोडून एकटं कामाला लावलं, इतकं साधं. मोठ्या प्लांटच्या फिल्टरवर, बॅकवॉशसकट (उलट्या प्रवाहाने वाळू धुणं), ती किती टिकेल हा पुढचा प्रश्न.

निवांत

मी प्लांटवाला नाही, कुतूहल म्हणून वाचतोय. निवळी म्हणजे कतक या झाडाच्या बिया भांड्याला आतून घासून पाणी नितळ करायची पद्धत फार जुनी आहे ना? मग एखाद्याकडे प्लांट नाही, तुरटी नाही, तर त्याने बियांनी पाणी स्वच्छ करून प्यावं का?

गाळवाली

जुनी आहे, आणि चालतेही. गंमत म्हणजे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात या झाडाचा उल्लेख येतो तो असा, की कतकाचं फळ पाणी नितळ करतं खरं, पण त्याचं नुसतं नाव घेतल्याने पाणी नितळ होत नाही. रसायनमुक्तवाल्या वरिष्ठांना कोणीतरी ऐकवा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नितळ करावं, पण तेवढ्यावर पिऊ नये. माती खाली बसताना तिच्याबरोबर जिवाणूही खाली जातात, 90 ते 99 टक्के कमी झाल्याचं आढळलेलं आहे. ऐकायला मोठं वाटतं. लाखातले 99 टक्के गेले तरी हजार उरतात, आणि पाण्यात आता त्यांना खायलाही आहे. दिवसभरात ते पुन्हा वाढतात. म्हणून वरचं पाणी लगेच अलगद ओतून घ्या, दाट कापडातून गाळा, मग उकळा किंवा क्लोरीनचं द्रावण टाका. नितळ पाण्यात क्लोरीन नीट काम करतो, बियांचा खरा उपयोग इथे आहे. पूड मोजून टाका, जास्त टाकून पाणी जास्त नितळ होत नाही. आणि त्याच दिवशी संपवा.

तळटाकी

मंडळी, थोडं कळवायला आलो. चुन्याची लाइन तात्पुरत्या पाइपने कच्च्या पाण्याकडे नेली आणि फिल्टरनंतर सोडा ॲश सुरू केला. तयार पाण्यात ॲल्युमिनियम आता 0.1 च्या जवळ. वरिष्ठ गप्प आहेत, म्हणजे खूश असावेत.

क्लोरीनची चाचणीही केली. 2 मिलिग्रॅमपैकी तुरटीच्या जारमध्ये अर्ध्या तासाने दीडच्या आसपास शिल्लक, शेवग्याच्या जारमध्ये डीपीडीचा गुलाबी रंग जेमतेम. दुसऱ्या दिवशी तर काहीच नाही. मिठाच्या अर्काने डोस खरंच खूप खाली आला, पण मीठ पाण्यात जातंय त्याचं काय, हा नवीन प्रश्न वरिष्ठांनी काढलाय.

ग्वार गम जारमध्ये घेतला. फ्लॉक मोठे झाले, पण दोन अडचणी. पाण्यात टाकला की गुठळ्या होतात, आतली पूड कोरडीच राहते. आणि काल केलेलं द्रावण आज पातळ झालेलं होतं, वासही आंबूस. डोस कुठे द्यायचा तेही सांगा. पॉलिॲक्रिलामाइड आम्ही तुरटीबरोबरच फ्लॅश मिक्सरमध्ये सोडतो.

गाळवाली

मिठाचं गणित करा, भिण्यासारखं नाही. अर्काचे थोडे मिलिलिटर लिटरभर पाण्यात जातात. दर मिलिलिटरमागे 58 मिलिग्रॅम मीठ धरा आणि तुमच्या डोसने गुणा. दोन-तीन मिलिलिटरच्या आत असाल तर चवीला कळणार नाही, त्यापुढे कळायला लागेल. पण प्लांटवर तुम्ही तो वापरणार नाही आहात, त्यामुळे वरिष्ठांचा हा प्रश्न बाजूला ठेवायला हरकत नाही.

ग्वार: आधी पाणी जोरात फिरवा, भोवरा दिसला पाहिजे. पूड त्या भोवऱ्याच्या कडेला चिमटीने भुरभुरवा, ओतू नका. द्रावण पातळच करा, 0.2 टक्के पुरे. सगळी पूड ओली झाली की वेग कमी करा आणि तासभर फुगू द्या. ते रोज ताजंच करायचं. आंबलं म्हणजे जिवाणूंनी साखळ्या तोडल्या, आणि तुटलेल्या साखळीला बांधता येत नाही. टाकी रोज रिकामी करून धुवा, तळाशी कालचं राहिलं तर ते आजचंही नासवतं.

फ्लॅश मिक्सरमध्ये मुळीच नको. तिथे तुरटी अजून भार मारतेय आणि पंखा इतक्या जोरात फिरतो की लांब साखळ्या तिथेच तुटतील. तुरटीनंतर निदान अर्धा ते एक मिनिट जाऊ द्या आणि जिथे पाणी संथ व्हायला लागतं, फ्लॉक्युलेटरच्या (हळू ढवळून फ्लॉक वाढवायची टाकी) तोंडाशी, तिथे द्या. पॉलिॲक्रिलामाइडलाही हीच जागा योग्य होती. जारमध्येही तसंच करा: तुरटी टाकून मिनिटभर 150 आरपीएम, मग 30 वर आणून ग्वार, वीस मिनिटं संथ, अर्धा तास स्थिर.

जारमध्ये जमलं तर लगेच पूर्ण प्लांटवर नेऊ नका. दोन फिल्टर असतील तर प्रवाह वेगळा काढता येतो का ते बघा. गम जास्त झाला तर एनटीयूत दिसणार नाही, वाळूच्या वरच्या थरात बुळबुळीत चिखलाचे गोळे दिसतील आणि हेड लॉस (फिल्टर तुंबल्याने पाण्याला होणारा अडथळा) लवकर चढेल. म्हणून दोन बॅकवॉशमधले तास लिहून ठेवा, पॉलिॲक्रिलामाइडचे आणि ग्वारचे वेगवेगळे. 12 एनटीयूच्या पाण्यावरचे आकडे आले की इथे टाका, मला तेच बघायचे आहेत.